काशम्माच्या गच्चीवरचं वितळलेलं शिसं

सोलापुरात हैदराबाद रस्त्याच्या नाक्याजवळ ईरप्पा बिज्जरगीचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. पत्र्याची शेड, गळती शोधायचा पाण्याचा हौद, कोळशाची भट्टी, आणि ट्रकमधून काढून भिंतीला टेकवून ठेवलेले तांब्या-पितळेचे रेडिएटर. गळक्या नळीवर शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाची झाळ द्यायची, हौदात बुडवून बुडबुडे येतात का पाहायचं आणि गाडी पुन्हा रस्त्याला लावायची, हे काम तो वीस-बावीस वर्षं करतो आहे. टेंभुर्णीचे ट्रकवाले वाटेतली दोन दुकानं सोडून त्याच्याकडे येतात. स्वभाव अबोल म्हणतात, पण तांब्याविषयी बोलायला लागला की थांबत नाही.

१९७४ च्या दिवाळीनंतर पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत त्याने ज्या कामात जीव घातला, ते मात्र या दुकानात झालं नाही. ते झालं बहिणीच्या गच्चीवर.

बहीण म्हणजे काशम्मा. ती ईरप्पाची थोरली बहीण आहे आणि सासूही. बहिणीची मुलगी करायची रीत या घरांतून जुनी. ईरप्पाने काशम्माची मुलगी शरणम्मा केली. त्यामुळे बायको नवऱ्याला मामा म्हणते, जावई सासूला अक्का म्हणतो, आणि भांडण झालं की कोण कोणाच्या बाजूने बोलतं आहे हे शेजाऱ्यांना लवकर कळत नाही. नवरा वारल्यापासून मंगळवार पेठेतलं घर काशम्माच्या नावावर आहे. ईरप्पा आणि शरणम्मा त्याच घरात खालच्या दोन खोल्यांत राहतात. वर मोकळी गच्ची होती. उन्हाळ्यात रात्री सगळे तिथं झोपायचे. दिवसा तिथं पापड वाळायचे.

त्या गच्चीवर काशम्माला खोली बांधायची होती. तिचा धाकटा मुलगा मल्लप्पा गिरणीत कामाला लागला होता, त्याचं लग्न ठरत आलं होतं. नव्या सुनेला पडवीत कसं झोपवायचं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. प्रश्न विचारत असली तरी उत्तर तिने ठरवलेलं होतं.

ईरप्पाच्या डोक्यात गच्ची शिरली ती दुकानात. एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे सिद्धलिंगप्पा उमराणी सर कॉलेजची जीप घेऊन आले होते. रेडिएटर उतरवला आणि वीज गेली. त्या वर्षी वीज अशी रोजच जायची. पेट्रोल महागलं होतं, डिझेलसाठी रांगा लागत होत्या, आणि सर बाकावर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की परदेशात अणुभट्टीतली उष्णता वाहून न्यायला काही ठिकाणी पाणी वापरत नाहीत, वितळलेला धातू वापरतात. धातू उष्णता फार झपाट्याने घेतो आणि तितक्याच झपाट्याने देतो. आता काही जणांचा विचार आहे, की आरशांनी ऊन एकवटून असाच धातू तापवावा, तो भांड्यात साठवावा आणि सूर्य मावळल्यावर त्याच्यावर वाफ करून इंजिन चालवावं.

सरांनी हे वेळ घालवायला सांगितलं होतं. ईरप्पाने ते काम सांगितल्यासारखं ऐकलं.

त्याने विचारलं, कोणता धातू. सर म्हणाले, सोडियम. पण त्याला पाणी लागलं की पेट घेतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. ईरप्पाने बाकाखालचा डबा पायाने पुढे ओढला. झाळताना खाली पडलेलं शिसं-कथील तो वर्षानुवर्षं त्या डब्यात गोळा करत होता. असे आणखी डबे मागे होते. हे मिश्रण फार थोड्या आचेवर वितळतं, पाण्याने पेटत नाही, आणि त्याच्या सगळ्या खोडी आपल्याला ठाऊक आहेत, असं त्याचं म्हणणं. सर हसले, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. उलट कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना दाखवायला ठेवलेलं एक छोटं वाफेचं इंजिन कित्येक वर्षं धूळ खात होतं, ते त्यांनी सहीनिशी त्याला वापरायला दिलं.

त्या इंजिनाच्या चाकाला सायकलचा डायनामो लावायचा आणि सायकलचा दिवा पेटवायचा, एवढंच ईरप्पाने ठरवलं. दिवसभराचं ऊन वितळलेल्या शिशात साठवायचं आणि मावळतीनंतर दिवा लावायचा. तो दिवा जळला तर मोठा जळेल, मोठा जळला तर यंत्रमाग चालेल, असं तो शरणम्माला समजावून सांगायचा. काशम्माने हे स्वयंपाकघरातून ऐकलं.

"सायकलीचा दिवा लावायचा तर सायकल चालव की," ती म्हणाली. "त्याला माजी गच्ची कशाला?"

गच्चीवरून दोघांत बरेच दिवस वाद चालला. शेवटी काशम्मानेच तोड काढली. ती रोज दिवेलागणीला इष्टलिंगाची पूजा करते. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, त्याला भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, मग माळ घेऊन जप करायचा. या पूजेला किती वेळ लागतो हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. चुलीवर डाळ ठेवून ती बसायची आणि उठायची तेव्हा डाळ शिजलेली असायची. तिने अट घातली. सूर्य मावळल्यावर ईरप्पाचा दिवा लागावा आणि तिची पूजा संपेपर्यंत जळावा. जळला तर गच्ची त्याची. मल्लप्पासाठी पडवीला भिंत घालून खोली काढू. नाही जळला, तर अक्षय तृतीयेनंतर गवंडी गच्चीवर चढेल आणि आरसे खाली येतील.

"बहीण म्हनून सांगतीया, न्हाय ऐकलंस तर सासू म्हनून सांगीन," असंही ती म्हणाल्याचं शेजारचे सांगतात.

यंत्र संक्रांतीच्या सुमारास उभं राहिलं. जुन्या लोखंडी खाटेच्या सांगाड्यावर आरशाचे तुकडे अशा कोनात बसवले होते, की सगळ्यांचं ऊन एका जागी पडावं. ते जिथं पडायचं तिथं काजळीने काळं केलेल्या नळीचं वेटोळं होतं. त्याच्या वरच्या अंगाला ट्रकच्या गिअरबॉक्सचं बिडाचं कवच, त्यात शिसं-कथील. वेटोळ्यात तापलेला धातू आपोआप वर कवचात चढेल आणि थंड धातू दुसऱ्या नळीने खाली उतरेल, म्हणजे पंप लागणार नाही. रेडिएटरमध्ये पाणी असंच फिरतं. हे ईरप्पाला कोणी शिकवायची गरज नव्हती. कवचाच्या आतून पाण्याची एक बारीक नळी जायची. तिच्यात वाफ व्हायची आणि ती इंजिनाला मिळायची. कवचाभोवती राख भरून वरून जुन्या वाकळा गुंडाळल्या होत्या.

खाट सूर्याबरोबर फिरवायला लागायची. ईरप्पा दिवसा दुकानात, त्यामुळे हे काम शरणम्माकडे आलं. भाकरी तव्यावर टाकून ती वर जायची, खाट थोडी वळवायची आणि भाकरी करपायच्या आत खाली यायची. डोळ्यांवर आरशाची तिरीप येऊन येऊन तिचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी नवरा घरी आला की ती म्हणायची, "मामा, तुमचं ऊन वळवून आले. आता तुमी तांब्या विसळून घ्या."

नळीवरून मात्र पहिल्याच दिवशी तंटा झाला होता. उमराणी सरांनी सांगितलं होतं, लोखंडाची नळी घ्या. ईरप्पाने तांब्याची घेतली. त्याची कारणं विचारात घेण्यासारखी होती. तांबं लोखंडाच्या कितीतरी पट वेगाने उष्णता आत घेतं. तांबं गंजत नाही. आणि सगळ्यात मोठं कारण, कथील आणि तांबं यांचं जमतं. घरोघरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई कथलाचीच असते. रेडिएटरची झाळ तांब्याला अशी चिकटते की ट्रक खड्ड्यात आपटला तरी सुटत नाही. लोखंडाला तीच झाळ लावायला गेलं तर थेंब होऊन घरंगळते. जे एकमेकांना धरतात त्यांनाच एकत्र ठेवावं, हा त्याचा हिशेब.

"सर, लोखंडाला शिसं नको असतं," तो म्हणाला. "नको असलेल्याच्या घरात पाहुणा कशाला ठेवायचा?"

सरांनी दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

पहिला घोटाळा तांब्याचा नव्हता. रात्री धातू नळीत गोठायचा. सकाळी शरणम्माने खाट उन्हाकडे वळवली की वेटोळं मधोमध आधी तापायचं. मधला धातू वितळायचा, वितळला की फुगायचा, आणि दोन्ही टोकांना अजून घट्ट गोठलेला धातू असल्यामुळे त्याला जायला वाट नसायची. एका सकाळी नळी फुगून शिवणीत उसवली. थंड मुलखात गाडीतलं पाणी गोठून रेडिएटर फुटतात असं ईरप्पाने ऐकलं होतं, पण सोलापुरात तसला रेडिएटर त्याच्या दुकानात कधी आला नव्हता. गोठण्यावर इलाज करायचा त्याला सराव नव्हता. मग रोज पहाटे कवचाजवळच्या टोकापासून खाली निखाऱ्यांनी नळी शेकत यायचं आणि मगच खाट वळवायची, असं ठरलं. म्हणजे उन्हाचं यंत्र सुरू करायला रोज पाटीभर कोळसा लागायला लागला. काशम्मा रिकामी पाटी जिन्यात दिसेल अशी ठेवायची.

ते जमलं आणि महिनाभर यंत्र बरं चाललं. धातू फिरायचा, कवच तापायचं, दुपारी वाफ धरायची. एकदा दुपारी दिवाही लागला. ईरप्पाने अक्काला हाक मारली. तिने वर येऊन हाताची सावली करून दिव्याकडे पाहिलं, मग सूर्याकडे पाहिलं.

"उन्हात दिवा लागला व्हय," ती म्हणाली आणि खाली गेली.

संध्याकाळपर्यंत मात्र उष्णता टिकत नव्हती. त्यासाठी आणखी धातू वर चढवावा म्हणून ईरप्पाने दुकानातले उरलेसुरले डबेही कवचात ओतले. आणि मार्चमध्ये, गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात काशम्माचे उडदाचे पापड वाळत असताना, नळी गळली.

उसवली नाही, फुटली नाही, गळली. वेटोळ्याच्या सगळ्यात तापणाऱ्या भागाला एक भोक पडलं होतं आणि त्यातून धातूची बारीक धार लागली होती. ती उताराने वाहत पापडांच्या चटईखाली जाऊन गोठली. शिवाय उडालेले थेंब पापडांवर. शिसं पोटात गेलं तर काय होतं हे ईरप्पाला धंद्यामुळे माहीत होतं. त्याने स्वतःच सगळे पापड टाकून द्यायला सांगितले. पेठेतल्या चार बायकांनी दोन दिवस बसून लाटलेले पापड होते. काशम्माने ते एकटीने गोळा केले आणि कोणाला हात लावू दिला नाही. त्यानंतर आठवडाभर ती भावाला जेवायला वाढायची, पण ताट त्याच्यासमोर न ठेवता शरणम्माच्या हातात द्यायची.

ईरप्पाने भोक झाळून घेतलं. चार दिवसांनी शेजारी दुसरं पडलं. तेव्हा त्याने नळी उतरवली आणि सरांकडे नेली. सरांनी ती करवतीने आडवी कापली. बाहेरून नळी नवी दिसत होती. आतून मात्र तिची भिंत जागोजाग कागदासारखी झाली होती. गळून पडलेला धातू बोटांनी चोळला तर त्यात रव्यासारखी खर लागत होती. ते तांबं होतं.

"कथील तांब्याला धरतं म्हणजे काय करतं ईरप्पा?" सर म्हणाले. "थोडं तांबं आपल्यात विरघळवून घेतं, म्हणूनच धरतं. तुमची झाळ क्षणात थंड होते, तेवढ्यात किती खाणार? इथं ते दिवसभर तापलेलं, आणि सारखं फिरतंय. खात बसलंय."

झाळ वितळवून लावायला भट्टीत तापवायचा जो तांब्याचा ठोकळा असतो, त्याच्या टोकाला खळगे पडतात. प्रत्येक रेडिएटरवाला दर थोड्या दिवसांनी ते टोक कानशीने घासून सारखं करतो. ईरप्पाही करायचा. इतकी वर्षं तो ते भट्टीच्या आगीने होतं असं धरून चालला होता. सरांचं बोलणं ऐकून तो दुकानात गेला, ठोकळा हातात घेतला आणि रस्त्याकडे पाठ करून बसला. कामाला आलेल्या एका ट्रकवाल्याला त्याने उद्या ये म्हणून सांगितलं. चूक कळल्याचं समाधान त्याला नव्हतं. ती दुसऱ्याने दाखवून द्यावी लागली आणि आधीच दाखवून दिली होती, याचा राग होता. तो राग तो अजूनही लपवत नाही.

लोखंडाची काळी नळी बसवण्यात एप्रिल गेला. ती वाकवायला जड, तिचे सांधे झाळून चालत नाहीत, वेल्डिंगवाल्याकडे न्यावे लागतात. धातूतली तांब्याची खर गाळून काढायची तर जवळजवळ सगळा धातू भट्टीवर पुन्हा वितळवावा लागला. थंड होत आला की खर वर तरंगायची; साय काढावी तशी ती झाऱ्याने काढायची. कितीही काढली तरी थोडी राहायचीच. तिने एकदा नळी तुंबलीही. पण लोखंड टिकलं. भोक पडलं नाही.

आता सर वेगळं सांगायला लागले. नळी ठीक झाली, पण साठा होत नाही. शिसं-कथील उष्णता पटकन उचलतं, लांब नेतं, पटकन टाकतं. पण त्याच वजनाच्या पाण्याच्या मानाने फार थोडी धरून ठेवतं. वितळताना घेतलेली आणि गोठताना सोडलेली उष्णता धरली तरी संध्याकाळ भागणार नाही. धातू हा हमाल आहे, कोठार नाही, असं ते म्हणाले. कोठार करायचं तर याच्या दहापट धातू पाहिजे. तेवढा धातू ईरप्पाकडे नव्हता, आणि असता तरी त्या गच्चीने तो पेलला नसता. अक्काला अजून बोलावू नका, असा त्यांचा सल्ला होता. पण अक्षय तृतीया चार दिवसांवर आली होती आणि गवंडी वाळू पाहून गेला होता.

ईरप्पाने बोलावलं.

दिवस मे महिन्यातला, सोलापूरच्या उन्हाला जराही कमी नाही असा. कवच दुपारपासून वाकळेवर हात ठेवता येणार नाही इतकं तापलं होतं. सूर्य मावळायच्या आधी काशम्मा आंघोळ करून वर आली. भस्म, बेल, पाण्याचा गडवा घेऊन ती पाटावर बसली. मल्लप्पा जिन्याच्या तोंडाशी उभा होता. गच्ची कोणाची होणार हे ठरणार होतं, आणि कोणाच्याच बाजूने काही बोलायचं नाही, एवढं त्याला आईने शिकवलेलं होतं. शरणम्मा खाटेजवळ.

सूर्य पलीकडच्या घरांमागे गेला. ईरप्पाने वाफेची झडप उघडली. सरांनी सांगितलं होतं, अगदी थोडी उघडा. त्याने पूर्ण उघडली. अक्कासमोर दिवा मिणमिणता दिसू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. इंजिन शिवणयंत्रासारखं वाजायला लागलं आणि दिवा एकदम पांढरा लागला. काशम्माने एकदा त्याच्याकडे पाहिलं, गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं आणि ती पूजेला लागली.

भस्म लावून झालं. बेल वाहून झाला. दिवा पांढरा होता. तिने डोळे मिटले, ओठ हलायला लागले. इंजिनाचा आवाज थोडा उतरला. दिवा पिवळा झाला. ईरप्पा खाली वाकून झडप फिरवत होता, पण ती आधीच पूर्ण उघडी होती, आणखी उघडणार कुठं. तो उठला, वाकळा ओढून घट्ट केल्या, पुन्हा खाली वाकला. दिव्याची तार विडीच्या टोकासारखी लाल झाली. इंजिनाने सावकाश काही फेरे घेतले आणि ते थांबलं. पेठेत त्याच वेळी वीज होती. खाली रस्त्यावरचे दिवे लागलेले होते आणि त्यांच्या उजेडात गच्चीवरच्या चौघांना एकमेकांचे चेहरे दिसत होते.

थोड्या वेळाने काशम्माने डोळे उघडले. लिंग कपाळाला लावून गळ्यात बांधलं. मग दिव्याकडे पाहिलं.

"विझला की रं," ती म्हणाली.

ईरप्पा म्हणाला, "आज तू मुद्दाम सावकाश केलीस अक्का."

"काय म्हनलास?"

"रोज एवढा येळ लागत न्हाय. तुला खोली पायजे, म्हनून लांबवलीस. सरळ सांगायचं हुतं."

काशम्मा उठली. गडव्यातलं उरलेलं पाणी तिने कठड्यावरच्या कुंडीत ओतलं. मल्लप्पाला म्हणाली, उद्या गवंड्याला सांगून ये. जिना उतरताना भावाला "साकू," एवढंच म्हणाली. पुरे, असा त्याचा अर्थ. घरात कानडी शब्द निघाला की विषय संपला असं सगळे समजतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईरप्पा आरसे काढत होता. शरणम्माने ते खाली नेता नेता त्याला सांगितलं.

"आईनं जप केलाच न्हाय, मामा. माळ हातात घेतलीच न्हाय. भस्म, बेल, आनि डोळे मिटून नुसते ओठ हलवत बसली. रोजच्या निम्म्यावर उठली, पन तुमचा दिवा त्येच्याबी आधी गेला."

ईरप्पाने हातातला आरसा खाली ठेवला. तो खाली गेला, तेव्हा काशम्मा चुलीपुढे होती. तिने मान वर केली नाही.

"लग्न झाल्यापास्नं एक दीस पूजा चुकवली न्हाय मी," ती म्हणाली. "बाळंतपणात बी न्हाय. काल तुज्या दिव्यापायी लिंगाला गंडवलं. आनि तू माज्याच तोंडावर मला खोटं पाडलास."

ईरप्पा दारातूनच मागे फिरला आणि दुकानाला गेला.

अक्षय तृतीयेनंतर गवंडी चढला. पावसाआधी खोली झाली, दिवाळीनंतर मल्लप्पाचं लग्न झालं. इंजिन कॉलेजात परत गेलं. आरशाचे तुकडे ज्यांना हवे होते त्यांनी नेले. कवचातला धातू मात्र कुणाच्या कामाचा राहिला नाही. तांब्याची उरलेली खर त्यात कायमची होती. झाळायला घेतला तर नीट पसरत नाही, दाणे दाणे होतो. ज्या रेडिएटरांच्या झाळीतून तो गोळा झाला, त्यांच्याच कामाला तो आता चालत नाही. भंगारवाला कवचासकट घ्यायला तयार नव्हता आणि धातू पुन्हा वितळवून कवचातून काढायला ईरप्पा तयार नव्हता. ते धूड दुकानात हौदाशेजारी आहे. नवख्या गिऱ्हाइकाला त्याची ठेच लागते.

ईरप्पाने ते सोडलं, असं मात्र म्हणता येत नाही. झडप निम्मी उघडली असती तर दिवा शेवटपर्यंत जळला असता, हे त्याचं आजचंही म्हणणं. उमराणी सर म्हणतात, निम्म्या वाफेवर डायनामो दिवा पेटेल एवढा फिरलाच नसता. या वादाचा निकाल लावायचा तर यंत्र पुन्हा उभं करावं लागेल. या वेळी ईरप्पाला धातूने उष्णता नुसती वाहायची आहे आणि साठवायची दगडगोट्यांच्या पिंपात. ही सुधारणा सरांचीच. त्याला जागा हवी आहे. जागा म्हणजे मल्लप्पाच्या खोलीचा नवा स्लॅब. पूर्वीच्या गच्चीपेक्षा तो उंच आहे, आजूबाजूच्या घरांची सावली त्याच्यावर पडत नाही.

पण त्या स्लॅबवर जायला जिना नाही. गवंड्याच्या आखणीत होता. काशम्माने तो काढायला लावला.

तीन वर्षं ईरप्पा जिना मागतो आहे. कधी पावसाळ्यात छत गळेल तर वर कसं जायचं म्हणून, कधी सुनेला कपडे वाळत घालायला सोय म्हणून. मल्लप्पाला त्याने आपल्या बाजूला वळवलं आहे. सुनेनेही एकदा सासूकडे विषय काढून पाहिला. एकदा त्याने दुकानातून लोखंडी शिडी आणून खोलीच्या भिंतीला लावली. संध्याकाळी परतला तेव्हा ती मागच्या अंगणात आडवी होती आणि तिच्यावर वाकळा वाळत होत्या.

"वर काय हाय?" काशम्मा विचारते. "ऊन खाली बी येतंय की. अंगणात मांड तुजी खाट."

अंगणात ऊन येतं, हे खरं आहे. ईरप्पाने ते पाहून ठेवलं आहे. सकाळी उशिरा येतं, आणि दुपार जरा कलली की वरच्या नव्या खोलीची सावली अंगणावर उतरते आणि पलीकडच्या कडेच्या तुळशीपाशी येऊन थांबते. उरलेली दुपार अंगण सावलीत असतं.